शंभर गुणांची वही

पांढरपेशा घरांत ‘रेस’ हा शब्द अजूनहि जरा दबक्या आवाजांतच उच्चारला जातो. नाटकाचें वेड, क्रिकेटचें वेड, फार काय पत्त्यांचेंहि वेड आपण कौतुकानें सांगतों. पण अमुक गृहस्थ घोड्यांच्या शर्यतीस जातात असें म्हटलें कीं ऐकणाराच्या डोळ्यांपुढें गहाण पडलेलें घर आणि डोळ्यांस पदर लावून बसलेली बायको उभी राहते. हें चित्र खोटें आहे असें मी म्हणणार नाहीं. आमच्याच घरांत तें अर्धेंअधिक खरें ठरलें. परंतु शर्यतीचा नाद आणि शर्यतीचा अभ्यास या दोन गोष्टी एक नव्हत, असें आमच्या थोरल्या काकांचें म्हणणें. आणि तें म्हणणें कितपत टिकतें, हें गेलीं कांहीं वर्षें मी जवळून पाहत आलों आहें.

आमचें घर कल्याणास पारनाक्याजवळ. काका फोर्टांतल्या एका विमा कंपनींत आंकडेमोडीच्या खात्यांत होते. 1968 सालीं कचेरींतल्या एका स्नेह्यानें त्यांना प्रथम महालक्ष्मीस नेलें. दादरला उतरावयाचें, पूल ओलांडून पश्चिम रेल्वेची गाडी धरावयाची आणि तिसऱ्या स्टेशनास उतरावयाचें, एवढाच तो प्रवास. पण आमच्या माजघरापासून तो विलायतेइतका लांब होता. महालक्ष्मीचें तें मैदान 1883 सालापासूनचें. 1943 सालीं तेथें पहिली इंडियन डर्बी झाली आणि बडोद्याच्या महाराजांच्या ‘प्रिन्सेस ब्यूटिफुल’ या घोडीनें ती जिंकली, हें काका आम्हां मुलांना शिवरायांच्या एखाद्या लढाईसारखें रंगवून सांगत. पहिल्या दिवशीं त्यांनीं पांच रुपये लावले व ते गेले. त्यानंतर त्यांनीं पैसा लावला नाहीं. विम्याच्या माणसास शोभेल तेंच केलें. त्यांनीं वही घातली.

या वहीची रीत सांगितल्यावांचून पुढचें समजावयाचें नाहीं. शनिवारीं रात्रीं जेवणें आटोपलीं कीं काका उद्यांच्या शर्यतींचें पुस्तक घेऊन बसत. एका शर्यतींत आठ घोडे असले तर आठहि नांवें उतरून काढीत आणि त्यांच्यांत शंभर गुण वाटीत. नियम एकच, बेरीज शंभरच झाली पाहिजे. एखाद्या घोड्याच्या प्रेमानें त्याला पांच गुण चढविले तर ते दुसऱ्या कोणाच्या तरी पदरांतून काढावे लागतात. “आवडतें म्हणून वाढावयाचें नाहीं, ताटांत जेवढें आहे तेवढेंच वाढावयाचें,” असें ते म्हणत.

गुण देतांना प्रथम पाहावयाचें अंतर. बाराशें मीटर तीरासारखा जाणारा घोडा चोवीसशें मीटरांच्या शर्यतींत शेवटच्या वळणावर कसा चालूं लागतो, हें एकदां पाहिलेला मनुष्य विसरत नाहीं. मग वजन. हँडिकॅपच्या शर्यतींत चांगल्या घोड्याच्या पाठीवर अधिक ओझें देतात, म्हणजे सर्वांना सारखी संधि मिळावी; तेव्हां मागच्या खेपेस जिंकलेला घोडा या खेपेस किती किलो अधिक वाहणार, हें पाहिल्याशिवाय त्याच्या जिंकण्याला अर्थ नाहीं. मग जॉकी, जमीन, मध्यंतरीं गेलेले दिवस. मुंबईचा मोसम हिवाळ्यांत सुरू होऊन उन्हाळ्याच्या तोंडाशीं संपतो, पुण्याचा पावसाळ्यांतला. मुंबईच्या कडक हिरवळीवर वाऱ्यासारखा पळणारा घोडा पुण्याच्या ओल्या जमिनींत अडखळतो, आणि याच्या उलटहि होतें. पण काकांचा भर या सर्वांहून एका वेगळ्याच गोष्टीवर असे. घोडा कितवा आला यापेक्षां तो कोणाच्या मागें आला हें ते पाहत. चांगल्या मंडळींत पांचवा आलेला घोडा टुकारांत पहिल्या आलेल्याहून बरा. हें त्यांचें मत घोड्यांपुरतेंच मर्यादित नव्हतें. आमच्या परीक्षांचे निकाल लागत तेव्हांहि तें आम्हांला ऐकावें लागे.

गुण वाटून झाले कीं शेजारच्या रकान्यांत बाजारांतला भाव. रुपयास तीन रुपये असा भाव असेल तर त्याचा अर्थ चारांत एक संधि, म्हणजे पंचवीस गुण. पांच घोड्यांना अनुक्रमें दीड, तीन, चार, सहा व नऊ असे भाव असले तर त्यांचे गुण होतात चाळीस, पंचवीस, वीस, चवदा आणि दहा. बेरीज करून पाहा. ती एकशें नऊ भरते. वरचे हे नऊ गुण कोणत्याच घोड्याचे नव्हत, ते बुकीचे. टोटवर हीच गोष्ट उघडपणें कापून घेतात, आणि त्याखेरीज सरकारचा कर आहेच. 2017 सालीं तो अठ्ठावीस टक्के झाला आणि 2025 च्या सप्टेंबरांत चाळीसवर गेला. काका हा न धांवणारा घोडा नेहमीं लाल शाईनें लिहीत. “सर्वांत मजबूत जनावर हेंच,” ते म्हणत, “रोज धांवतें, कधीं पडत नाहीं.”

आतां उड्यांच्या शर्यतींविषयीं. महालक्ष्मीच्या शर्यती सपाट मैदानावरच्या. कुंपणें ओलांडीत तीनचार मैल पळण्याचा प्रकार मुख्यतः इंग्लंड-आयर्लंडचा. माझी चुलत बहीण लग्नानंतर इंग्लंडांत गेली आणि एका खेपेस तिनें काकांकरितां तिकडच्या एका दिवसाच्या शर्यतींचें पत्रक आणलें. काकांचें वय तेव्हां सत्तरीच्या पुढें. पत्रकांत घोड्यांच्या नांवांपुढें नुसते आंकडे नव्हते; मधूनमधून अक्षरें होतीं. ‘एफ्’ म्हणजे पडला, ‘यू’ म्हणजे स्वार खालीं आला, ‘पी’ म्हणजे मध्येंच थांबविला, ‘बी’ म्हणजे दुसऱ्याच्या पडण्यानें हाहि आडवा झाला. काकांना जणूं नवी लिपि सांपडली. आठ दिवस ते तींतच होते. त्यांचा निष्कर्ष असा कीं येथें गुण दोनदां द्यावे लागतात. प्रथम विचारावयाचें, हा शेवटपर्यंत उभा राहील काय? मग, राहिला तर पहिला येईल काय? पांचांत चार वेळां पोंचणारा घोडा पोंचल्यावर चारांत एकदां जिंकत असेल तर त्याचे गुण पंचवीस नव्हत, वीसच. आणि ‘एफ्’ व ‘बी’ यांना एकाच मापानें मोजावयाचें नाहीं. स्वतःच्या चुकीनें पडणें निराळें, दुसऱ्याच्या पायांत सांपडणें निराळें.

या शर्यतींच्या कथा त्यांनीं हौसेनें गोळा केल्या. ग्रँड नॅशनल ही सवाचार मैलांहून लांब, तीस उड्यांची शर्यत. 2023 पर्यंत तींत चाळीस घोडे धांवत, 2024 पासून चौतीस. 1956 सालीं इंग्लंडच्या राजमातेचा ‘डेव्हन लॉक’ सर्व उड्या पार करून, जिंकण्यास थोडकेच यार्ड उरले असतां, सपाट जमिनीवर पोट टेकून बसला. 1967 सालीं तेविसाव्या कुंपणापाशीं एका मोकाट घोड्यानें वाट अडविली, सर्व घोडे एकमेकांवर आदळले, आणि फार मागें राहिल्यामुळेंच वाचलेला ‘फॉयनेव्हन’ त्या गर्दींतून वाट काढून एकास शंभर या भावानें जिंकला. त्याला तुम्हीं किती गुण दिले असते, असें मीं विचारलें. “एक,” काका म्हणाले, “आणि तो एक बरोबरच होता. शंभरांत एक म्हणजे कधींच नाहीं असें नव्हे.”

हें सर्व जेवणाच्या पंक्तींत चालत असे, आणि पंक्तीस माझा धाकटा चुलत भाऊहि असे. तो डोंबिवलीस राहतो, नोकरी ठाण्यास. हुशार मुलगा, आंकड्यांना पक्का. विलायतेंतल्या दुपारच्या शर्यती आपल्याकडे दिवेलागणीनंतर होतात. लोकलमध्यें उभें राहिल्या राहिल्या, ठाणें ते डोंबिवली एवढ्या अवकाशांत, हातांतल्या फोनवर एक शर्यत सुरू होऊन संपते. दिवसाच्या सहासात शर्यती, प्रत्येक शर्यतीस थोडेथोडे. 2023 सालच्या उन्हाळ्यांत बँकेच्या कर्जाचीं पत्रें घरीं आलीं तेव्हां आम्हांला हें कळलें. काकूंनीं स्वतःच्या पाटल्या काढून दिल्या आणि पहिलें, सर्वांत जाचक कर्ज फिटलें. त्या रात्रीं त्या काकांना एवढेंच म्हणाल्या, “आंकडे तुम्हींच शिकविलेत हो त्याला.”

काका कांहीं बोलले नाहींत. मला विचाराल तर काकूंचा आरोप अगदींच निराधार नव्हता. काकांनीं पैसा लावला नाहीं हें खरें. पण पंक्तींत ते सांगत ते जुळलेले अंदाजच. चुकलेल्यांना त्यांच्या वहींत जागा होती, जेवणांत नव्हती. ऐकणाऱ्या पोराच्या मनांत चाळीस वर्षांचे जुळलेले तेवढे अंदाज सांठले होते. शिकविणाराचा हिशेब पुरा असून शिकणाराच्या हातीं अर्धाच यावा, असें कित्येक घरांत विद्वत्तेच्या बाबतींतहि होतें.

भावानें प्रथम वाद घातला. सर्वोच्च न्यायालयानें 1996 सालीं घोड्यांची शर्यत हा मुख्यतः कौशल्याचा खेळ असल्याचें म्हटलें आहे, मग मी जुगारी कसा, असें तो म्हणाला. काकांनीं तें मान्य केलें. “कौशल्य आहेच. प्रश्न इतकाच कीं तें भाव ठरविणाऱ्यांपेक्षां तुझ्यापाशीं अधिक आहे काय? नुसतें अधिक असून भागणार नाहीं, लाल शाईच्या घोड्यालाहि मागें टाकण्याइतकें अधिक हवें.” मग त्यांनीं कपाटांतून जुन्या वह्या काढल्या, सर्व, आणि त्याच्यापुढें ठेवून सांगितलें कीं पैसा न लावतां चार महिने गुण दे, शर्यत सुटण्यापूर्वीं शाईनें लिहावयाचें, खोडावयाचें नाहीं.

त्यानें तें केलें. रविवारीं सकाळीं डोंबिवलीहून येई आणि दोघे समोरासमोर बसत. हिशेब तपासावयाची काकांची तऱ्हा फार साधी होती. ज्या ज्या घोड्यांना चाळीस गुण दिले ते सर्व एकत्र करावयाचे. अंदाज खरे असतील तर त्यांतले शंभरीं चाळीस जिंकले पाहिजेत. भावाचे तीसहि भरले नाहींत. वीस गुणांचे घोडे मात्र जवळजवळ बरोबर होते. म्हणजे जेथें त्याला खात्री वाटत होती तेथेंच तो चुकत होता. मग काकांनीं आपली स्वतःची 1987 सालची वही उघडली. तिच्यांतहि चाळीस गुणांच्या घोड्यांची गत त्याहून फारशी बरी नव्हती. काकांनीं तें पान स्वतःच वाचून दाखविलें, मोठ्यानें, स्वयंपाकघरांत काकूंना ऐकूं जाईल असें. माझ्या आठवणींत त्यांनीं न जुळलेले अंदाज घरांत वाचण्याची ही पहिलीच वेळ.

भाऊ अजून वही लिहितो. फोनमधलें तें सर्व त्यानें काढून टाकलें आहे असें तो सांगतो, आणि त्याची बायको महिन्याच्या एक तारखेस पगाराचें खातें पाहते. काकूंना हें वही लिहिणेंहि पसंत नाहीं. विस्तवाशीं खेळूं नये तर लांबून शेकूंहि नये, असें त्यांचें मत आहे, आणि घरांतल्या निम्म्या माणसांचें मत त्यांच्याच बाजूला आहे. 2024 सालीं महालक्ष्मीच्या मैदानाचा मोठा भाग, एकशें वीस एकर, उद्यानासाठीं महापालिकेकडे देण्याचें ठरलें, तेव्हां सर्वांत आनंद काकूंनाच झाला. पण उरलेल्या जागेंत शर्यती चालूच राहणार हें कळतांच त्यांनीं तो आंवरता घेतला.

पाटल्यांचे पैसे भाऊ दरमहा थोडेथोडे करून काकूंना परत देत आहे. त्याचा जमाखर्च काकांनीं त्याच वहीच्या मागल्या पानांवर मांडला आहे. हप्ता आला कीं त्यापुढें तारीख पडते. त्या रकान्यांत गुण दिलेले नाहींत.