एका किलोला काय पडले?

आमच्या रहाटणीत वाणसामान घेण्याच्या वाटा आता पुष्कळ झाल्या आहेत. गल्लीच्या तोंडाशी किराणा दुकान, कोकणे चौकाकडे मोठी भांडारे, काळेवाडीचा पूल ओलांडला की पिंपरी कॅम्पातील घाऊक बाजार. आणि कोठेच जायचे नसेल तर मोबाइलवर मागवलेली पिशवी दारात येते. स्वस्त कोठे, हा प्रश्न मात्र अधिकच किचकट झाला आहे, कारण प्रत्येकाचे माप निराळे. भाजीवाली पावाचा भाव सांगते, भांडारातील पाटी किलोचा, तर मोबाइलवरची भेंडी अडीचशे ग्रॅमची!

कारखान्यात आयुष्यभर सुटे भाग मोजले, त्यामुळे निवृत्तीनंतर घरची ही मोजणीही माझ्याकडे आली. वहीत मी प्रत्येक जिन्नस एका किलोवर आणून मांडतो. तेलाच्या डब्यापाशी तर भलेभले चकतात. एक डबा 15 किलोचा, शेजारचा 15 लिटरचा. दिसायला जुळे भाऊ. पण सोयाबीनचे लिटरभर तेल भरते सुमारे 910 ग्रॅम. म्हणजे दुसऱ्या डब्यात तेल साडेतेरा किलोंहून थोडेसेच अधिक. शंभर रुपयांनी स्वस्त दिसणारा डबा अशा वेळी महाग पडतो.

नोव्हेंबर 2021 मध्ये केंद्र सरकारने नियमांत दुरुस्ती करून पुड्यावर एककाची किंमत छापणे आवश्यक ठरविले. हेतू उत्तम. परंतु किलोहून कमी वजनाच्या पुड्यावर ती दर ग्रॅमला, अधिक असल्यास दर किलोला. आणि दशांशानंतर दोनच स्थळे. अर्धा किलोच्या पुड्यावर 0.14 रुपये छापले असतील, तर किलोचा भाव 135 ते 145 यांच्या दरम्यान कोठेही असू शकतो. ज्या दहा रुपयांसाठी आपण चष्मा लावून उभे राहतो, ते नेमके तेथेच गडप होतात. शिवाय हा हिशेब छापील किमतीवरचा. भांडाराने दिलेली सूट त्यात धरलेली नसते.

शेजारच्या खोलीत चाकणला कंत्राटी कामाला जाणारी एक बाई भाड्याने राहते. माझी वही चाळून ती म्हणाली, "काका, हे सगळं खरं. पण त्या भांडारात वीस तारखेला उधार मिळतं का?" गल्लीतल्या दुकानात तिचे खाते आहे. तूरडाळ तेथे महाग पडते हे तिला ठाऊक आहे. त्या जादा रुपयांत पगारापर्यंत थांबण्याची किंमत आहे, हेही ठाऊक आहे. शॅम्पूची पुडी मिलिलिटरमागे बाटलीपेक्षा बहुधा स्वस्त पडते, हे तर तिनेच मला सांगितले. माझ्या वहीत उधारीचा रकाना नव्हता. तो आखायचा कसा, यावर मी बरेच दिवस विचार केला. बाजारातील स्वस्ताई ही बहुतेक वेळा पहिल्या तारखेला हातात रोकड असणाऱ्याची असते.

गेल्या नाताळाआधी करंज्यांसाठी मैदा, रवा, साखर आणि 15 किलोंचा डबा आम्ही दोन्ही घरांनी मिळून पिंपरी कॅम्पातून आणला. तेल लिटरने नव्हे, काट्यावर वाटले. रिक्षाचे भाडे निम्मे-निम्मे धरले. तिच्या वाट्याचे पैसे मी भरले होते. दहा जानेवारीला पगार होताच ते तिने आणून दिले.