ज्याची त्याची सेवा



दिंडीत नवखा माणूस आला, तर "तुला काय येत नाही?" असं त्याला कुणी विचारत नाही. गळा असेल तो चाल म्हणतो, हाताला ठेका असेल तो टाळ घेतो. कुणी माउली तुळशीवृंदावन डोक्यावर घेते, कुणी पाण्याचा हंडा. ज्याला यातलं काहीच जमत नाही तो नुसता चालतो, आणि तोही वारकरीच असतो.

मुलासाठी शाळा शोधताना ही रीत मला वारंवार आठवली. तो पंधरा वर्षांचा आहे, स्वमग्न आहे. डॉक्टर याला ऑटिझम म्हणतात. तो बोलत नाही. हवं ते चित्रांच्या कार्डांवर बोट ठेवून सांगतो. सोबत फिटचा आजार आहे. अचानक मोठा आवाज झाला की कान झाकतो, फारच असह्य झालं तर स्वतःच्या हाताला चावतो. लहानपणीची शाळा चौदाव्या वर्षी संपली. पुढे कुठे, हे कुणी सांगेना.

एके ठिकाणी म्हणाले, "बोलतच नाही, तर शिकवायचं कसं?" दुसरीकडे म्हणाले, "लहान होता तोवर ठीक होतं. आता अंगापिंडानं वाढलाय, आवरणार कोण?" तिसरीकडे नाव पटावर घ्यायला तयार होते, पण रोज आणू नका म्हणाले.

कायदा वेगळं सांगतो. 2016च्या दिव्यांग हक्क कायद्यात 21 प्रकारचं दिव्यांगत्व मानलं आहे, त्यात स्वमग्नता आहे. प्रमाणपत्रावर 40 टक्के किंवा त्याहून अधिक नोंद असेल, तर 6 ते 18 वर्षांपर्यंत मोफत शिक्षणाचा हक्क आहे. जवळच्या शाळेत, नाहीतर पसंतीच्या विशेष शाळेत. 'अधिकार' हा शब्द आपल्याला नवा नाही. संतांनी तो जात, कूळ, विद्वत्ता न पाहता सर्वांना दिला. पण कागदावरचा अधिकार वर्गात पोचायला आतून कुणीतरी दार उघडावं लागतं.

म्हणून मी इमारत नंतर बघायची, आधी विचारायची : एका शिक्षकाकडे मुलं किती? बिथरला तर काय करता? फिट आली तर? शौचालयात सोबत कोण असतं? अठरा वर्षांनंतर काय? ही उत्तरं जिथे न चिडता मिळाली, तिथेच मी पुढचं बोलले.

चौथ्या ठिकाणी बाईंनी उलट मलाच विचारलं, "त्याला काय आवडतं?" शाळेच्या दारात हा प्रश्न मी पहिल्यांदाच ऐकत होते. म्हटलं, कपड्यांच्या घड्या घालतो, धान्य निवडतो, वाहतं पाणी बघत बसतो. त्यांनी ते लिहून घेतलं. पहिला आठवडा रोज एकच तास बोलावलं. गोंगाट सोसेना की बसायला एक शांत खोली दाखवली. आता तो चार तास राहतो. जेवणाच्या वेळी सगळ्यांच्या पट्ट्या अंथरणं हे त्याचं काम आहे. एखादा दिवस वाईट जातोच. मग फोन येतो. "घेऊन जा" असा नाही, "या, मिळून बघू" असा.

पालखीतळावर चोपदारांनी चोप उंचावला की एवढा मोठा समाज क्षणात शांत होतो. एका लेकरासाठी एक वर्ग थोडा शांत होणं मग अशक्य कसं म्हणायचं?

अजून तीन वर्षं हातात आहेत. अठरा पूर्ण झाल्यावर कायदेशीर पालकत्वासाठी 1999च्या राष्ट्रीय न्यास कायद्याखालच्या स्थानिक समितीकडे अर्ज करायचा आहे. त्याच्या हाताला पुढे काय काम मिळेल, आमच्यामागे त्याचं कोण, ही चिंता रात्री उशाशी असते. ती मी पांडुरंगाच्या कानावर घालते आणि सकाळी डबा भरते.

माउली, आपल्या गावात असं लेकरू असेल, तर त्याच्या आईला "अजून बोलत नाही का?" असं विचारू नका. त्याला काय आवडतं, ते विचारा.

रामकृष्णहरी.