मूठभर तांदूळ

ईशान्य भारतातील मिझोराम हा डोंगरांचा प्रदेश आहे. तेथील गावे बहुधा डोंगरमाथ्यावर वसलेली असतात आणि पाण्याचे झरे मात्र खाली उतारावर असतात. शंभर-सव्वाशे वर्षांपूर्वी या प्रदेशाला लुशाई टेकड्या म्हणत. त्या काळी तेथील गृहिणीचा दिवस पहाट होण्यापूर्वीच सुरू होई. उखळात भात कांडायचे, पाठीवरच्या टोपलीत बांबूच्या पोकळ नळ्या ठेवून झऱ्यावर जायचे आणि नळ्या भरल्या, की टोपलीचा पट्टा कपाळाला लावून ती चढण चढून परत यायचे. मग सरपण, मग शेत आणि सांजावताच पुन्हा चूल! एवढे कष्ट उपसूनही तिच्या मताला गावात किंमत नसे. 'बाईची अक्कल पाणवठ्यापलीकडे जात नाही', अशा अर्थाची एक म्हणच मिझो भाषेत रूढ होती.

११ जानेवारी १८९४ रोजी लॉरेन आणि सॅव्हिज हे दोन इंग्रज मिशनरी नदीमार्गे सायरांग या गावी येऊन पोहोचले. मिझो भाषा रोमन लिपीत लिहिण्यासाठी त्यांनी वर्णमाला तयार केली. १८९९ साली पहिल्या मिझो ख्रिस्ती लोकांचा बाप्तिस्मा झाला. पुढे डोंगरमाथ्यांवर ठिकठिकाणी लहान लहान मंडळ्या उभ्या राहिल्या. मंडळी म्हणजे एकत्र उपासना करणारा ख्रिस्ती लोकांचा समुदाय.

मंडळी जन्माला आली. पण तिचा संसार चालावा कसा? गावोगाव फिरून शिकवणाऱ्यांचा निर्वाह कोणी करावा? परदेशातून साहाय्य येई, हे खरे. परंतु घर आपले आणि चूल मात्र दुसऱ्याच्या सरपणावर, असे किती दिवस चालावे? मंडळीतील स्त्रियांनाही हा प्रश्न आपला वाटू लागला. त्यांच्या हाती पैसा नव्हता. मात्र एक गोष्ट सर्वस्वी त्यांच्या हाती होती. रोजच्या स्वयंपाकाचे तांदूळ त्याच मोजून घेत असत.

१९१० साली एक साधी प्रथा सुरू झाली. स्वयंपाकासाठी तांदूळ मोजून घेतले, की भात शिजत टाकण्यापूर्वी त्यांतील एक मूठ काढायची आणि चुलीजवळच्या वेगळ्या भांड्यात टाकायची. या प्रथेला मिझो भाषेत 'बुहफाई थाम' म्हणतात. त्याचा अर्थ मूठभर तांदूळ. ही मूठ उरल्यासुरल्यातली नव्हे. घरच्यांच्या घासातून आधी काढलेली. मंडळीतील स्त्रिया घरोघर जाऊन हे तांदूळ गोळा करीत. ते विकून येणारा पैसा मंडळीच्या कार्याला लागे. दोन वेळच्या दोन मुठी धरल्या, तर एका घरच्या आठवड्याच्या चौदा मुठी होतात. चौदा मुठींनी काय होणार, असे कोणालाही वाटेल; पण पन्नास घरांच्या सातशे मुठी होतात!

प्रथा जेमतेम रुजते न रुजते, तोच १९११ साली तिच्यापुढे मोठे संकट उभे राहिले. मिझोरामच्या जंगलातील एका जातीचा बांबू सुमारे अठ्ठेचाळीस वर्षांनी एकदाच फुलतो. त्याची फळे खाऊन उंदरांची संख्या बेसुमार वाढते आणि मग ते उंदीर उभ्या भातशेतीवर तुटून पडतात. या आपत्तीला तेथील लोक 'माउताम' म्हणतात. भरल्या घरात मूठभर तांदूळ बाजूला काढणे सोपे असते. परंतु कणगीचा तळ दिसू लागला आणि लेकरे चुलीभोवती बसून राहिली, म्हणजे तीच मूठ डोंगराएवढी जड होते. तरीही प्रथा मोडली नाही. १९५९ साली पुन्हा दुष्काळ आला, २००७ च्या सुमारास पुन्हा बांबू फुलला. मूठ मात्र चालूच राहिली.

ख्रिस्ती धर्मात 'कारभारीपण' या गोष्टीला मोठे मोल आहे. कारभारी धन्याचे धन सांभाळतो. ते आपलेच आहे असे तो समजत नाही. आपल्या हाती असलेले धान्य, वेळ आणि अंगचे गुण ही देवाने दिलेली ठेव आहे, तिचा हिशेब आपल्याला द्यायचा आहे, असा या शब्दाचा भाव आहे. तो भाव लुशाई टेकड्यांतील स्त्रियांनी रोजच्या चुलीपाशी आचरणात आणला.

आज तेथील अनेक घरांत चुलीच्या जागी गॅसची शेगडी आली आहे. तरीही तांदळाचे ते वेगळे भांडे जागच्या जागी आहे. आता या मुठींतून दरवर्षी कोट्यवधी रुपये उभे राहतात आणि मंडळीचे सेवक भारताच्या इतर राज्यांतही जाऊन काम करतात. झाकली मूठ सव्वा लाखाची, असे आपण म्हणतो. या स्त्रियांची मूठ मात्र उघडली म्हणून मोलाची ठरली. ज्यांची अक्कल पाणवठ्यापलीकडे जात नाही असे मानले गेले, त्यांनीच चुलीपाशी बसून एवढा दूरचा विचार केला. देण्यासाठी आधी श्रीमंत व्हावे लागत नाही, हे त्यांनी कोणाला सांगितले नाही. दिवसातून दोनदा करून दाखवले.