डबा कोणता घ्यावा?

ह्यांना मधुमेह, झोप आधीच तुटक. अशात मुलीकडे मायामीस राहणे झाले. तेथील दुकानात मी थबकले: बुस्तेलो घ्यावी की पिलोन? दोन्ही गडद भाजलेल्या, बारीक दळलेल्या. 2011 पासून मालकही एकच, स्मकर कंपनी. माझ्या जिभेस बुस्तेलो किंचित अधिक कडवट लागली, इतकेच.

वाचकहो, खरी मेख डब्यात नाही. क्यूबन रीतीत कॉफीचे पहिले थेंब भरपूर साखरेत घोटून फेस काढतात. शिवाय कॅफीनचा निम्मा अंश सुमारे पाच तासांनंतरही शरीरात उरतो. म्हणून मी कॅफीनविरहित बुस्तेलो आणली आणि दुपारी बिनसाखरेची, दूध घालून दिली. ‘ही कसली कॉफी!’ असे पुटपुटत ह्यांनी कप मात्र रिकामा केला.