‘हे कोन भांडून राह्यले?’

दिवाळीच्या दुसऱ्या दिवशीची सायंकाळ होती. पुण्याहून आलेल्या माझ्या मुलाने ओसरीवर मुठीएवढा एक स्पीकर ठेवला आणि मोबाईलवरून एक अभंग लावला. शब्द तुकोबांचे, पण साथीला गिटार, बास गिटार आणि ड्रम. गाणारा वृंद मुंबईच्या तरुणांचा, नाव ‘अभंग रिपोस्ट’. मी दवाखान्यातून नुकताच परतलो होतो. आई आतल्या खोलीत पलंगावर होती, म्हणून मी नेहमीच्या सवयीने हात वर करून ‘बंद कर’ अशी खूण केली. त्याच वेळी आतून आवाज आला, “हे कोन भांडून राह्यले बापा?”

वाचकांना या वाक्यात काही विशेष वाटणार नाही. आमच्या घरात मात्र सगळे जागच्या जागी थांबले. आईचे वय चौऱ्याऐंशी. आठ महिन्यांपूर्वी तिच्या मेंदूच्या डाव्या भागातील रक्तपुरवठा बंद पडून उजवी बाजू लुळी झाली आणि वाचा गेली. पायात पुढे थोडे बळ आले, काठी व आधार घेऊन ती न्हाणीघरापर्यंत जाऊ लागली, पण बोलणे ‘हो’, ‘नाही’ आणि ‘पानी’ यांपुढे सरकत नव्हते. पुष्कळदा भूक लागली तरी ‘पानी’ आणि पाठ दुखली तरी ‘पानी’. आपण चुकीचा शब्द बोललो हे तिला कळे आणि ती भिंतीकडे तोंड फिरवून घेई. त्या बाईने कर्ता आणि क्रियापद यांसह एक पूर्ण वाक्य बोलावे, तेही अचूक टीका करणारे, हे मला डॉक्टर म्हणून आणि मुलगा म्हणून दोन्ही अंगांनी हलवून गेले.

आता माझी चूक सांगतो. ती सांगितल्याशिवाय हा लेख लिहिण्यात अर्थ नाही.

आमचे घर किन्हीराजात, मालेगाव तालुक्यात. एकादशीला गावातल्या पाच-सहा बायका आमच्या ओसरीवर भजनाला बसत. टाळ, पेटी आणि आईचा जाडसर, किंचित फाटलेला आवाज असे ते भजन असे. आई आजारी पडल्यावर मी त्यांना हात जोडून सांगितले की काही महिने येऊ नका, रुग्णाला शांतता हवी. रेडिओ उचलून माळ्यावर ठेवला. त्याऐवजी मोबाईलवर बासरीचे संथ, आदि-अंत नसलेले ‘आरामदायी’ संगीत लावून ठेवले. ते कोणी वाजवले, कोणत्या रागात, कशासाठी, हे मला ठाऊक नव्हते. निरुपद्रवी आहे, एवढे मला पुरे होते. आईची सगळी शुश्रूषा करणारी माझी पत्नी एकदा म्हणाली होती, “तुमच्या बासरीनं आईंचं काही होत नाही, मलाच भर दुपारी झोप येते.” मी ते हसण्यावारी नेले.

मेंदूच्या आघातानंतर पहिले तीन ते सहा महिने सुधारणेच्या दृष्टीने सर्वांत मोलाचे असतात. पुढेही सुधारणा होत राहते, पण वेग मंदावतो. हे मी शेकडो नातेवाइकांना समजावून सांगितले आहे. हात-पाय हलवा, चालवा, पडून राहू देऊ नका, असे बजावले आहे. माझ्याच घरात मी हातापायांचा व्यायाम चोख करवून घेतला आणि वाचेला मात्र रिकाम्या खोलीत ठेवले. खेडेगावात वाचा-उपचारतज्ज्ञ मिळत नाही हे खरे. पण भजनाच्या बायका मिळत होत्या, आणि त्यांना मीच परत पाठवले होते.

त्या सायंकाळी पुढे जे झाले ते असे. मुलाने स्पीकर उचलून आत नेला आणि आवाज कमी करून तोच अभंग पुन्हा लावला. आईच्या कपाळावर आठी होती. तिला तो आवडलेला नव्हता, हे अगदी स्पष्ट होते. तिच्या भजनातली चाल वेगळी, संथ. ही चाल पळणारी. दुसऱ्या कडव्याला तिने डावा हात गोधडीवर आपटायला सुरुवात केली, पण गाण्याच्या ठेक्याला नव्हे, स्वतःच्या ठेक्याला. मग ती त्या गायकांच्या वरताण, तिच्या चालीत, गाऊ लागली. दोन ओळी पूर्ण, तिसरी अर्धवट. ‘पानी’च्या पलीकडे न जाणाऱ्या जिभेवर अभंगाचे जोडाक्षरांसकट शब्द आले. मुलाने गाणे थांबवले तेव्हा तीही थांबली आणि त्याच्याकडे बोट करून म्हणाली, “चुकते.” चुकत होते ते गायक, असा तिचा अभिप्राय होता.

यामागचे कारण वैद्यकशास्त्राला बरेच आधी उमगले आहे. बहुतेक माणसांची भाषा मेंदूच्या डाव्या अर्धगोलात नांदते. गाण्याच्या कामात उजवा अर्धगोलही मोठा वाटा उचलतो. त्यामुळे डावी बाजू दुखावलेला, ‘पाणी दे’ असेही म्हणू न शकणारा रुग्ण पाठ असलेले गाणे म्हणू शकतो. अमेरिकेतील बॉस्टन येथे १९७३ साली अल्बर्ट, स्पार्क्स आणि हेल्म यांनी याच निरीक्षणावर आधारलेली उपचारपद्धती मांडली. तीत रोजची छोटी वाक्ये सुरात, डाव्या हाताने ताल धरून म्हणवून घेतात आणि हळूहळू सूर काढून घेतात. फिनलंडमधील हेलसिंकी येथे २००८ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात आघात झालेल्या ६० रुग्णांचे तीन गट केले होते. एका गटाने दोन महिने रोज किमान तासभर आपल्या आवडीचे संगीत ऐकले, दुसऱ्याने ध्वनिमुद्रित पुस्तके ऐकली, तिसऱ्याला नेहमीचेच उपचार मिळाले. शब्दांची स्मरणशक्ती आणि लक्ष केंद्रित करणे या दोन्हींत संगीत ऐकणाऱ्यांची प्रगती अधिक दिसली. ‘आपल्या आवडीचे’ हे शब्द मी आता अधोरेखित करून वाचतो. माझी बासरी कोणाच्याच आवडीची नव्हती.

मात्र येथे एक पेच आहे. आईला तर ते गाणे आवडले नव्हते. मग ती बोलली कशामुळे? माझे मत असे की ते गाणे तिच्या ओळखीचे होते आणि त्याच वेळी अनोळखी होते. शब्द घरचे, पेहराव परका. पूर्ण परके गाणे असते तर तिने कान फिरवले असते. पूर्ण ओळखीचे असते तर कदाचित डोळे मिटून पडून राहिली असती. ओळखीच्या वस्तूत बदल दिसला की मन उठून बसते, तपासते, दुरुस्त करू पाहते. अर्थात एका घटनेवरून औषध ठरत नाही, आणि आठव्या महिन्यातली नैसर्गिक सुधारणाही त्याच सुमारास डोके वर काढत असेल. तरीही मी माझे मत सोडणार नाही.

दिवाळीची सुटी संपेपर्यंत मुलाने मला या नव्या जगाची बरीच ओळख करून दिली. हे वादक-गायक कोणत्याही चित्रपट-कंपनीचे नोकर नाहीत. पदरचे पैसे घालून ध्वनिमुद्रण करतात आणि थेट इंटरनेटवर ठेवतात. कोणी लोकगीताला जॅझचे स्वर जोडतो, कोणी रॅपमध्ये आदिवासी गायकाला बोलावतो. मुंबईच्या ‘स्वदेसी’ या गटाने वारली कलावंत प्रकाश भोईर यांच्यासह आरेच्या जंगलावर केलेले गाणे त्याने मला ऐकवले. मला ते अर्धे कळले, पण भोईरांचा आवाज कळला. झाकीर हुसेन, शंकर महादेवन आणि जॉन मॅक्लॉग्लिन यांच्या ‘शक्ती’ वृंदाचा २०२३ सालचा ‘दिस मोमेंट’ हा संच मी स्वतः दोनदा ऐकला. त्याला पुढल्या वर्षी ग्रॅमी पुरस्कार मिळाला, आणि त्याच वर्षी डिसेंबरात झाकीरभाई गेले.

आपल्या वयाची माणसे अशा मिश्रणाला पटकन ‘भेसळ’ म्हणतात. मीही म्हणालो. मुलगा म्हणाला, “बाबा, आजीच्या भजनातली पेटी कुठली?” मी निरुत्तर झालो. हार्मोनियम युरोपातून आली. ऑल इंडिया रेडिओने तर १९४० साली तिच्यावर बंदी घातली आणि ती बंदी १९७१ पर्यंत टिकली. आज पेटीवाचून भजन ही कल्पनाही आमच्या ओसरीला सहन होणार नाही. जॅझही आपल्या वडीलधाऱ्यांना नवे नाही. १९५१ सालचा ‘अलबेला’ आठवा. भगवानदादांचा नाच, सी. रामचंद्र यांचे संगीत, आणि पडद्यावरही दिसलेला गोव्याचा ट्रम्पेटवादक चिक चॉकलेट व त्याचा बँड. ज्यांनी तंबूतल्या टॉकीजमध्ये तो चित्रपट पाहिला त्यांच्या कानांवर जॅझ कधीचाच पडून गेला आहे; त्याचे नाव तेवढे कोणी सांगितले नव्हते.

नव्या ध्वनिमुद्रणांबाबत माझी खरी तक्रार वेगळी आहे, आणि ती कानांची आहे. वयपरत्वे कान आधी उंच पट्टीतले ध्वनी गमावतात. ‘स’, ‘श’, ‘फ’, ‘थ’ यांसारखी व्यंजने त्या पट्टीत येतात. म्हणून वृद्ध माणूस म्हणतो, ‘ऐकू येते, पण कळत नाही.’ बास गिटार आणि ड्रम यांचा जाड थर शब्दांवर चढला की उरलेली व्यंजनेही बुजतात. घरातले मग आवाज वाढवतात. पण म्हाताऱ्या कानाची गंमत अशी की हळू आवाज ऐकू येत नाही आणि थोडा वाढवला की एकदम असह्य होतो. मधली सुखाची जागा अरुंद झालेली असते. आईला पहिल्यांदा ‘भांडण’ ऐकू आले ते याचमुळे. ओसरीवरून भिंत ओलांडून आत गेला तो फक्त ठोका. शब्द बाहेरच राहिले.

त्यामुळे आमच्याकडे आता काही रीत बसली आहे. गाणे लावताना दूरदर्शन आणि शक्य तर पंखाही बंद. स्पीकर तिच्या समोर, हातभर अंतरावर, कारण मागून येणारा आवाज तिला दचकवतो. ज्या ध्वनिमुद्रणात गायकाचा आवाज वाद्यांच्या पुढे आहे तेच निवडायचे. मुलगा पुण्याहून तसे निवडून पाठवतो. वीस मिनिटे झाली की बंद. तिच्या कानातला मळ मी स्वतः पाहून काढला. दिव्याखाली अंधार म्हणतात तसे, तो किती महिने तेथे होता कोण जाणे. ज्यांना श्रवणयंत्र आहे त्यांनी ते बसवून देणाऱ्याला संगीतासाठी वेगळी जोडणी करता येते का, हे अवश्य विचारावे. बोलणे स्पष्ट करण्यासाठी लावलेले यंत्र गाण्याचे सूर पिळवटून टाकू शकते. तरुण शुश्रूषकांनो, तुमच्या कानातल्या हेडफोनबद्दलही एक सांगतो. जागतिक आरोग्य संघटनेच्या हिशेबाने ८० डेसिबल इतका आवाज आठवड्याला ४० तासांपर्यंत चालतो. त्याहून मोठा आवाज असेल तर सुरक्षित वेळ झपाट्याने घटतो. वरातीतल्या डीजेविषयी मी लिहू लागलो तर हे पाक्षिक पुरणार नाही.

आणि सगळ्यांनाच हे मानवते असे समजू नका. स्मृतिभ्रंश झालेले माझे एक वृद्ध रुग्ण आहेत. त्यांच्या सुनेला मी उत्साहाने हाच प्रयोग सुचवला. पहिल्याच ड्रमला ते घाबरून उठले आणि दाराची कडी शोधू लागले. त्या रात्री घरात कोणालाच झोप मिळाली नाही. दुसऱ्या दिवशी मी जाऊन माफी मागितली. त्यांच्यासाठी आम्ही जात्यावरच्या ओव्यांची ध्वनिमुद्रणे शोधली. हेमा राईरकर आणि गी पॉइतवाँ यांनी महाराष्ट्रभरच्या खेड्यांतून लाखाहून अधिक ओव्या गोळा केल्या. ‘पारी’ या संकेतस्थळावर त्या ऐकायला मिळतात. परभणी जिल्ह्यातल्या ताडकळसच्या गंगूबाई अंबोरे यांचा आवाज त्यांत आहे. तेथे वाद्य नाही, वेग नाही, एकट्या बाईचा सूर आहे. आजोबा तो ऐकताना शांत बसतात. कधी मधेच ‘माय’ म्हणतात. मूठभर धान्य जात्यात टाकल्यासारखा हात हलवतात, असे सून सांगते. रुग्णाचा चेहरा पाहत राहावे. कपाळावरची आठी आणि डोळ्यांतली भीती यांतला फरक सांभाळणाऱ्याला चटकन कळतो, माझ्यासारख्या पाच मिनिटे येऊन जाणाऱ्याला कळेलच असे नाही.

कार्तिकी एकादशीच्या आधी मी भजनाच्या बायकांच्या घरी स्वतः गेलो. एक जण रुसली होती. “आता बोलावता का डाक्टरसाहेब, इतके दिस आमी कुठं गेलो होतो?” असे तिने ऐकवले, आणि ते मला मिळायलाच हवे होते. त्या आल्या. आईला पाटावर बसवता येईना, म्हणून त्याच पलंगाभोवती बसल्या. आई गायली. बोलायला लागली की अजूनही अडखळते. आता शब्द चाळीस-पन्नास झाले आहेत, भुकेला ‘भाकर’ म्हणते आणि पाठ दुखली की ‘पाठ’, पण कधी कधी पुन्हा ‘पानी’वर घसरते आणि भिंतीकडे वळते. तेव्हा पत्नी तिच्या डाव्या हातावर ठेका धरून तोच शब्द सुरात म्हणते. कधी जमते, कधी नाही.

मुलगा दर शनिवारी काही नवे पाठवतो. बहुतेक वेळा पहिल्या मिनिटातच आईचा निकाल लागतो आणि ती हात हलवून “बंद” म्हणते. गेल्या शनिवारी त्याने कोणाचे तरी एक गाणे पाठवले. त्यात सनईसारखा वाटणारा सॅक्सोफोन होता. आईने ते शेवटपर्यंत ऐकले आणि मला विचारले, “लगन कोनाचं हाय?”