चिंचोक्यांचा डबा

आम्ही अकरा भावंडं. त्यात सख्खी कोण, चुलत कोण, आत्याची कोण, ही मोजदाद घोलवडच्या घरात कुणी करत नसे. सगळ्यांत मोठी ताई १९५१ची, शेंडेफळ १९६३चं. मधल्या बारा वर्षांत पडवीच्या आढ्याला टांगलेली झोळी कधी रिकामी राहिली नाही; एक पोर उतरलं की दुसरं चढायचं. दोरी ओढायचं काम हाताशी सापडेल त्याचं. अभ्यासाला बसताना ती पायाच्या अंगठ्याला बांधायची आणि पाय हलवत पाढे म्हणायचे. सतराचा पाढा म्हणताना ताईचा उजवा पाय अजून हलतो.

झोळीतलं बाळ आजीचं. सकाळी अंगाला तेल, मग पायांवर पालथं घेऊन घंगाळातल्या कढत पाण्याची अंघोळ, मग शेगडीवर ओवा-वावडिंगाची धुरी. गुटीत वेखंडाचे वेढे किती, मुरडशेंगेचे किती, जायफळ कधी वाढवायचं, सगळं आजीला पाठ होतं. आणि सहा वर्षांचं झालं की ते मूल शाळेचं, मास्तरांचं. मधली तीन-चार वर्षं मात्र कुणाचीच नव्हती. जेवूखाऊ भरपूर घालायचे, लाड व्हायचे, पण दिवसभर कानावर एकच वाक्य, ‘पायात येऊ नका, बाहेर खेळा.’ त्या वयाच्या मुलाचंही काही काम असतं, हे आमच्या घराला ठाऊक नव्हतं.

ते धाकट्या काकूनं दाखवलं. ती लग्न होऊन आली आणि दोनेक वर्षांतच कोसबाडला बालसेविकांच्या वर्गाला जाऊ लागली. आजीला ते पटलं नव्हतं. ‘पोरं सांभाळायला कसलं शिक्षण?’ असं ती उघड म्हणायची. काकू उलट बोलली नाही. आल्यावर एकेक गोष्ट करून दाखवत गेली.

ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ ही नावं आम्ही तिच्या तोंडून ऐकली ती घरच्या माणसांसारखी. ताराबाई भावनगरला गिजुभाई बधेकांबरोबर काम करून आलेल्या. १९३६ साली त्यांनी दादरला मॉन्टेसरी पद्धतीचं शिशुविहार सुरू केलं. मारिया मॉन्टेसरींचं पहिलं बालगृह १९०७ साली रोममध्ये निघालं, तेही सान लोरेन्झोच्या गरीब वस्तीत, कामगारांच्या पोरांसाठी. स्वतः मॉन्टेसरीबाई १९३९ला मद्रासला आल्या आणि महायुद्धामुळे १९४६पर्यंत इथेच राहिल्या. पण आपल्याकडे त्यांची पद्धत ज्यांना फी परवडते त्यांच्याच मुलांपर्यंत पोचत होती. ही गोष्ट ताराबाईंच्या मनाला लागली, आणि १९४५ साली त्या बोर्डीला आल्या. अनुताई त्यांना तिथेच येऊन मिळाल्या.

बालवाडी तर निघाली, पण पाड्यावरची वारली मुलं काही येईनात. मग बालवाडीच उठून पाड्यावर गेली, कुणाच्या तरी अंगणात बसली. ‘अंगणवाडी’ हा शब्द त्या अंगणातून आला. गुरं राखणाऱ्या मुलांसाठी कुरणशाळा निघाली. १९५७मध्ये हे काम कोसबाडच्या टेकडीवर गेलं आणि तिथे पाळणाघर, बालवाडी आणि प्राथमिक शाळा एका ठिकाणी आली. कारण धाकटं भावंड कडेवर असलेली मुलगी शाळेत येणार कशी? हे ज्यांनी ओळखलं, त्यांना मी फार मोठं मानते. शाळेत न येणाऱ्या मुलीला दोष देणारे पुष्कळ असतात. तिच्या कडेवर कोण आहे हे बघणारे थोडे.

मॉन्टेसरीची लाकडी साधनं महाग. कोसबाडला त्यांच्या जागी खडे, बिया, शिंपले, पानं आली. काकूनं तेच घरी आणलं. पत्र्याच्या एका डब्यात चिंचोके, गुंजा, सागरगोटे आणि बोर्डीच्या किनाऱ्यावरचे शिंपले. दुपारी ती पडवीत चटई अंथरायची आणि डबा ओतायची. मोठे एकीकडे, लहान एकीकडे. गुळगुळीत इथे, खरबरीत तिथे. मग डोळे मिटून नुसत्या बोटांनी तेच. पोर रमलं की काकू त्याला हाक मारू द्यायची नाही, जेवायलाही नाही. ‘त्याचं काम चाललंय,’ म्हणायची. मुलाच्या खेळाला ‘काम’ म्हणणारं माणूस आम्ही प्रथमच पाहत होतो. शांतीच्या खेळात सगळ्यांनी डोळे मिटून ऐकायचं: विहिरीचा रहाट, चिकूच्या बागेतली पाखरं, दूर गाडीची शिटी. एके दिवशी डोळे उघडले तर चटईच्या कडेला आजीही डोळे मिटून बसलेली. त्यानंतर तिनं कोसबाडचा विषय कधी काढला नाही. सागरगोटे मात्र तीच निवडून देऊ लागली.

आमच्यातला एक भाऊ डावखुरा. पहिलीत त्याचा डावा हात छडीनं सुजला. तो बोलेनासा झाला, रात्री अंथरूण ओलं करू लागला. काकूनं त्याच्यासमोर डबा ठेवला आणि काही न बोलता शेजारी बसली. असे कितीतरी दिवस. एका दुपारी त्यानं चिंचोक्यांनी, डाव्या हातानं, स्वतःचं नाव मांडलं. काकू घरात गेली ती बराच वेळ बाहेर आली नाही.

ती पुढे पाड्यावर बालवाडी घेऊ लागली. पिशवीत कंगवा, नेलकटर, खोबरेल आणि तोच डबा. आधी नखं, केस, हातपाय धुणं; मग गाणी. पावसात चिखल तुडवत जायची. हातात पडायचं ते मानधन, पगार नव्हे, आणि तेही महिनोन् महिने अडायचं. २ ऑक्टोबर १९७५ला एकात्मिक बालविकास योजना देशात ३३ प्रकल्पांनी सुरू झाली. खाऊ, लसी, तपासणी, गरोदर नि पाजत्या बाया, पोरांचं शिकणं असं सगळं एका छताखाली आलं आणि केंद्राला नाव मिळालं अंगणवाडी. नाव आपल्या मातीतलं म्हणून काकू हरखली होती. पण सेविकेच्या वाट्याला मानधन हाच शब्द राहिला. अंगणवाडी सेविकांना ग्रॅच्युइटीचा हक्क आहे, हे सर्वोच्च न्यायालयानं सांगितलं २०२२ साली. काकू तेव्हा नव्हती. मुलाच्या शेजारी दिवसभर बसणारी बाईच चिंतेत असेल, तर मुलाला निवांतपणा कुठून मिळणार? माझा हा राग अजून गेलेला नाही.

ताई लेकीच्या बाळंतपणाला स्टॉकहोमला गेली तेव्हा फोनवर तिचा आवाज निराळाच होता. तिथे एका मुलामागे आईबाप मिळून ४८० दिवसांची रजा, आणि त्यातले काही दिवस बापानंच घ्यायचे, ते आईला देता येत नाहीत. जावई चार महिने घरी होता. दुपटी तोच धूत होता. बर्फात बाळाला गुंडाळून बाबागाडीत बाहेर झोपवतात हे पाहून ती आधी घाबरली. आठवड्यानं म्हणाली, ‘अगं, आपली पडवीतली झोळी तरी काय होती? उघड्यावरच झोपलो की आपण.’ बालशाळेत मुलं पावसात, चिखलात, रबरी बूट घालून तासन्‌तास. हातात काटक्या, दगड, पानं. ताई कुंपणापाशी उभी राहून बघत बसे.

पुढच्या खेपेला तिनं बॅगेत लोणच्याच्या बरणीशेजारी चिंचोक्यांची पुरचुंडी नेली. नातू चार वर्षांचा झाला होता. परत आली तेव्हा त्यानं दिलेली ओकची फळं होती, टोप्यांसकट. ती आम्ही पडवीत डब्यात ओतली. भावानं चटई अंथरली आणि डाव्या हातानं टोपीवाली एकीकडे, बिनटोपीची एकीकडे लावायला घेतली.