अण्णांची पेटी

आमच्याकडे पेटी म्हटले की पाहुण्यांना हार्मोनियम वाटे. एखादा हौशी पाहुणा "होऊन जाऊ द्या एखादं पद" असा आग्रहही धरी. मग अण्णा आतून पेटी आणीत आणि तिच्यातून सव्वा मीटरची अँटेना सरसर बाहेर ओढीत. पाहुणा एक पाऊल मागे सरके. बिनइंजिनाचे, बाल्साच्या लाकडाचे ग्लायडर रेडिओवरून उडवण्याचा तो जपानी ट्रान्समीटर अण्णांनी 1983 साली दोन महिन्यांचा पगार मोजून घेतला होता. त्या दोन महिन्यांचा हिशेब आईने अजून मिटवलेला नाही.

1994 च्या दिवाळीत पेटी कपाटात गेली. ग्लायडर टेकडीवर उतरत होते, आणि तिथेच एक पोरगा नवी खेळण्यातली मोटार घेऊन उभा होता. अण्णांच्या पेटीतला स्फटिक पिवळ्या खुणेचा, म्हणजे 27.145 मेगाहर्ट्‌झचा, स्वस्त खेळण्यांचा लाडका आकडाही नेमका तोच. पोराने कळ दाबली आणि ग्लायडरने कातळात नाक घातले. अण्णा पोराला एका शब्दाने बोलले नाहीत. ग्लायडर दुरुस्त करून त्यांनी छताला टांगले, आणि तीस वर्षे तो विषय काढला नाही.

गेल्या वर्षी त्यांना ब्याऐंशी पुरी झाली. छताकडे पाहत पडून राहण्याचे त्यांचे प्रमाण वाढले होते. एक दिवस मीच म्हटले, "अण्णा, पेटी बघू का?"

"फार तर सेल बदल. बाकी हात लावायचा नाही."

मी पेटी उघडली. आठही निकेल-कॅडमियम सेल पाझरून त्यांच्यावर हिरवट-पांढरी बुरशी चढली होती. तार सोलावी तो तांबे आतून काळे. त्याच्यावर डाख काही केल्या बसेना, म्हणून साऱ्या तारा बदलल्या. नवे सेलही 1.2 व्होल्टचेच आठ घातले, म्हणजे पेटीला पूर्वीसारखेच 9.6 व्होल्ट मिळाले. इथवर मी आज्ञेत होते.

पण तोच पिवळा स्फटिक ठेवून पुन्हा तोच कातळ गाठायचा का? मी जन्मभर शाळेत भौतिकशास्त्र शिकवले. मला एवढे ठाऊक होते की अण्णांचा अंगठा आणि रेडिओची लहर या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. दांडी हलली की पेटी विजेचा एक ठोका तयार करते. ठोका दीड मिलिसेकंदाचा असला तर सुकाणू मध्यावर. एक मिलिसेकंदाचा असला तर एका टोकाला, दोनाचा असला तर दुसऱ्या. सेकंदाला सुमारे पन्नास वेळा हा निरोप निघतो. ही भाषा आजच्या कितीतरी यंत्रांनाही कळते. बदलला आहे तो टपालवाला. मी ठोक्यांची तार जुन्या रेडिओपासून सोडवली आणि 2.4 गिगाहर्ट्‌झच्या नव्या भागाला जोडली. ग्लायडरमध्ये त्याचा जोडीदार रिसीव्हर बसवला. तो आपल्या धन्याखेरीज कुणाचे ऐकत नाही.

राहिली अँटेना. जुनी लहर अकरा मीटरची. नवी साडेबारा सेंटिमीटरची. तिला बोटाएवढी अँटेना पुरते, आणि मागचे झाकण प्लॅस्टिकचे असल्यामुळे ती आतच मावली. लांब अँटेना काढून टाकायची माझी छाती झाली नाही. ती कशालाही न जोडता तशीच ठेवली, आणि अण्णांना सांगितले, "सेल बदलले, साफसफाई केली." विजेचे पहिले धडे मी ज्यांच्यापाशी गिरवले, त्यांच्याशीच विजेविषयी खोटे बोलले.

भाऊबीजेच्या सकाळी टेकडीवर गेलो. दिवाळीतला वारा पूर्वेचा, म्हणून पूर्वेच्या कड्यावर. आधी रिवाजाप्रमाणे परीक्षा: अँटेना आत ढकलायची, दुसऱ्याने ग्लायडर घेऊन तीस पावले जायचे, आणि तिथवर शेपटी हलली पाहिजे. हलली. "आणखी जा," अण्णा म्हणाले. साठ पावलांवर हलली. पार बोरीच्या झुडपापर्यंत गेले, तरी शहाण्यासारखी हलतच होती. माझ्या पोटात गोळा आला. अण्णा नुसते "बरं" म्हणाले, अँटेना पुरी ओढली, आणि पूर्वी बांधीत तशी पिवळी फीत तिला बांधली.

मी ग्लायडर फेकले. कड्यावर आदळून वर चढणाऱ्या वाऱ्याने ते उचलले. अण्णांचा हात हल्ली कापतो; तो कंप जसाच्या तसा शेपटीत दिसत होता. ग्लायडर हळूहळू घारीच्या उंचीला गेले, आणि मग कंप असला तरी वळणे जुनीच होती.

सुकाणू आणि शेपटी, दोन्ही उजव्या दांडीवर. अण्णांनी नजर न हलवता डाव्या हाताने फीत सोडली आणि माझ्यापुढे धरली. मग तळव्याने अँटेना एकेक टप्पा दाबत पुरती आत घातली. वर ग्लायडर सावकाश डावीकडे वळले.

"मागच्या झाकणाचा एक स्क्रू उपरा आहे," ते म्हणाले. "आमच्या पेटीला असला नव्हता."